पोलादी सेंट विकण्याआधी

मंडळी, जुनं नाणं म्हणजे महाग नाणं, हा समज आधी बाजूला ठेवू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला दारूगोळ्यासाठी तांबं हवं होतं. म्हणून 1943 साली तिथला एक सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा काढला. तीन टांकसाळींनी मिळून अशी 100 कोटींहून जास्त नाणी पाडली. तेव्हा ती जुनी आहेत, दुर्मिळ नाहीत. झिजलेल्या नाण्याला काही सेंटच मिळतात. कोरं असेल तर थोडे डॉलर.

मग लाखोंच्या बातम्या कुठल्या? त्याच वर्षी चुकून मोजकेच सेंट जुन्या तांब्याच्या मिश्रधातूवर छापले गेले. त्यातला एक 2019 मध्ये लिलावात 2,04,000 डॉलरला गेला.

आणि फसवणूक होते ती इथंच. पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन तो ‘दुर्मिळ’ म्हणून विकतात. लोहचुंबक लावा, चिकटला की समजा, पोलादच. काही लोक 1948 च्या सेंटवरचा 8 कोरून 3 करतात. तो चुंबकाला चिकटत नाही. तिथं 3 ची शेपटी बघा, अस्सल नाण्यात ती खाली लांब उतरलेली असते. दोन्हींत नाणं टिकलं, तरच तपासणीची फी भरा.

आणखी एक, नाणं घासू नका. मुलामा गेला की गंज चढतो. नवा मुलामा दिलेलं नाणं चकाकतं खरं, पण जाणकार संग्राहक त्याला कमीच भाव देतो.