डोस वाढला, तण राहिले

मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावांत तणनाशक आले ते सोयाबीनच्या मागोमाग. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे जेएस 335 हे वाण 1994 साली आले, ज्वारीचे शिवार हळूहळू सोयाबीन-तुरीखाली गेले आणि निंदणाला मजूर मिळेना, तसा पाठीवरचा पंप तणावर चालू लागला. तेव्हापासून कृषी केंद्रावरची चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरत आली आहे: कोणते औषध, आणि किती मिली? माझ्या मते निकाल लागतो तो तणाच्या पेशीत. औषध आत शिरते का, साठते का, आणि पेशी त्याचे पुढे काय करते, हे पाहिल्याशिवाय मिलीचा हिशेब अर्धवटच राहतो.

ओळखीचे इमॅझेथापायरच घ्या. ते सौम्य आम्ल आहे. पेशीभित्तीतल्या ओलाव्याचा सामू साधारण साडेपाच, तर पेशीच्या आत तो साडेसातच्या आसपास असतो. बाहेर या औषधाचे थोडेच रेणू विद्युतभाराविना असतात आणि तेच स्निग्ध पडद्यातून सहज आत सरकतात. आत गेले की त्यांच्यावर भार येतो आणि परतीची वाट जवळपास बंद होते. सामूत फरक अवघा दोनचा, पण कागदावरच्या हिशेबाने आतले प्रमाण बाहेरच्या शंभरपटीपर्यंत जाऊ शकते. पुढे अन्नरसाबरोबर औषध कोवळ्या शेंड्यात पोचते आणि एएलएस हे विकर बंद पाडते. काही आवश्यक अमिनो आम्ले बनेनाशी होतात, वाढ थांबते. तण मात्र काही दिवस हिरवेच दिसते, आणि दुसरा डोस पुष्कळदा याच अधीरतेपोटी पडतो. सोयाबीन तरते कसे? औषध त्याच्याही पेशीत शिरते. पण सोयाबीन त्या रेणूत बदल करून त्याला साखर जोडते आणि तो झपाट्याने निष्प्रभ करते. पीक आणि तण यांतला फरक आहे तो या पचवण्यात.

पचवण्याची ही कला पिकाची मक्तेदारी नाही. हरियाणा-पंजाबात गव्हातल्या गुल्ली डंडा या तणाने आयसोप्रोट्युरॉन वेगाने मोडायला सुरुवात केली आणि 1990 च्या दशकात ते औषध तिथे निकामी ठरू लागले. यावर कोणी म्हणेल, ती गव्हाची गोष्ट. आमच्याकडे दुप्पट डोसाने तण जळताना डोळ्यांना दिसते. दिसते, हे खरे. पण ग्लायफोसेटसारख्या अंगभर फिरणाऱ्या औषधाचा मारा तीव्र झाला आणि पानच करपले, तर ते पान औषध खाली पाठवणार कसे? लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत शाबूत राहतात आणि पुन्हा फुटतात. ग्लायफोसेटची आणखी एक अडचण म्हणजे क्षारयुक्त पाणी: त्यातले कॅल्शियम औषधाला जखडते आणि पानात शिरणेच घटते.

मजूर नाही, निंदणाचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप मात्र खोडून काढण्यासारखा नाही. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे परवानगी नसलेली, तणनाशक सहन करणारी एचटीबीटी कपाशी उघडपणे पेरली गेली, ती याच अडचणीतून. तरी एक गोष्ट त्या वादात बाजूलाच पडली. ग्लायफोसेट सहन करणारी पिके बहुतेक वेळा त्याला मोडून तरत नाहीत. त्यांच्यात बसवलेले जिवाणूचे विकर औषधाला बधत नाही, एवढेच. औषध पेशीत राहते आणि वाढत्या भागांकडे सरकते. यावरून लगेच विषबाधेचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, पण पीक हिरवे आहे म्हणून औषध संपले, असेही धरता येत नाही. अवशेष मोजावे लागतात. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. बांधावर कोणाच्या पाठीवर कोणता पंप आहे, हे त्या आदेशाने ठरत नाही.

सोयाबीनपुरते सांगायचे तर 10 टक्क्यांचे इमॅझेथापायर एकरी 400 मिलीच घ्या, तण दोन ते चार पानांवर आणि जमिनीत ओल असताना, स्वच्छ पाण्यात फवारा. दरवर्षी एकाच गटाचे औषध वापरू नका, आणि निदान एक डवरणी सोडू नका.