मेंदूत सोडलेल्या मूलपेशींचा माग कसा काढतात?



दहावीच्या विज्ञानात मूलपेशींचा भाग शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "या पेशी मेंदूत टाकल्या तर मेंदू दुरुस्त होईल का?" पालकही हेच विचारतात, कारण सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी 'स्टेम सेल थेरपी'च्या जाहिराती त्यांच्या मोबाइलवर येत असतात. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. मेंदूत सोडलेल्या पेशींचं पुढे काय झालं, हे कळतं कसं? कवटी उघडून पुन्हा पुन्हा बघता तर येत नाही!

खरं म्हणजे यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. पेशी कुठे आहेत? त्या जिवंत आहेत का? आणि त्या काम करतात का? प्रत्येकाचं उत्तर देणारी पद्धत वेगळी आहे.

१) पेशी कुठे आहेत? – एमआरआय

साध्या एमआरआयमध्ये सोडलेल्या पेशी आणि मेंदूच्या मूळच्या पेशी वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत मूलपेशींना आधी लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण 'खाऊ' घालतात. लोहामुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि चित्रात तिथे काळा डाग दिसतो. २००६ मध्ये चीनमधल्या शांघायच्या डॉक्टरांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णात याच पद्धतीने पेशींचा माग काढल्याचं प्रसिद्ध केलं होतं.

फायदा असा, की चित्र स्पष्ट येतं आणि किरणोत्सर्ग नसतो. पण दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण वाटणीची. पेशी विभागली की लोह अर्धं-अर्धं वाटलं जातं. पाच विभाजनांनंतर प्रत्येकीकडे सरासरी १/३२ भाग उरतो. डाग फिका होतो, पण पेशी मेल्या असं नव्हे.

दुसरी अडचण उलटी आहे. पेशी मेली तरी लोह तिथेच राहतं. मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि डाग तसाच दिसत राहतो. पक्षी अभ्यासक पक्ष्याच्या पायात कडी घालतात ना, तसंच हे. कडी सापडली म्हणजे पक्षी जिवंत आहे असं नाही. ती मांजराच्या पोटातही असू शकते!

२) पेशी जिवंत आहेत का? – काजव्याचा प्रकाश

काजवा ल्युसिफरेज नावाच्या विकरामुळे चमकतो. या विकराचं जनुक मूलपेशींत घालतात आणि प्राण्याला ल्युसिफेरिन हे द्रव्य टोचतात. प्रकाश पडायला एटीपी, म्हणजे पेशीतली ऊर्जा लागते. त्यामुळे फक्त जिवंत पेशीच चमकतात. जनुक पेशीतच असल्याने विभाजनानंतर ते नव्या पेशींकडेही जातं. मात्र ही पद्धत मुख्यतः उंदरांसारख्या लहान प्राण्यांपुरतीच चालते. माणसाची जाड कवटी आणि मोठा मेंदू ओलांडून एवढा मंद प्रकाश बाहेर येत नाही.

३) पेशी काम करतात का? – पेट स्कॅन

पार्किन्सन्स आजारात डोपामाइन बनवणाऱ्या चेतापेशी मरतात. फ्लोरोडोपा हे किंचित किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून दिलं, की डोपामाइन बनवणाऱ्या पेशी ते घेतात आणि पेट स्कॅनमध्ये तो भाग उजळतो. यातल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं असतं, म्हणून तपासणी लगेच करावी लागते.

जपानमधल्या क्योटो विद्यापीठाने सात रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी सोडल्या. २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेट स्कॅनमध्ये डोपामाइन बनण्याच्या खुणा वाढलेल्या दिसल्या, तर एमआरआयवर पेशींची बेसुमार वाढ होऊन गाठ होत नाही ना, यावर लक्ष ठेवलं गेलं. म्हणजे दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक ठरल्या. अर्थात रुग्ण मोजकेच होते आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे 'इलाज सापडला' असं म्हणता येत नाही.

पालकांनी यातून काय घ्यावं?

नुसता रंगीत स्कॅन दाखवून कुणी "बघा, फरक पडला" म्हटलं, तर शांतपणे विचारा: हा स्कॅन वरच्या तीनपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो? पेशींना काही खूण केली होती का? आधीचा स्कॅन कुठे आहे? उपचार न घेतलेल्या मुलांशी तुलना केली का? मुलं वाढत्या वयात आपसूकही प्रगती करतात, हे आपण वर्गात रोज बघतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताशी संबंधित काही आजार सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानेही २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून दागिने गहाण टाकण्याआधी मुलाच्या मेंदुविकारतज्ज्ञांना जरूर विचारा. आणि आज सुरू असलेली फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, शाळा यांपैकी काहीही बंद करू नका.