महिन्यातले मोकळे दिवस

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेरची बाकं भरलीत आणि वहिनी ट्यूबलाइटकडे पाठ करून बसली आहे. डावा डोळा अर्धवट मिटलेला, पदर कपाळावर ओढलेला. शेजारच्या बाईंच्या गजऱ्याचा वास तिला सोसत नाहीये, म्हणून ती सरकत सरकत माझ्या खांद्याला येऊन टेकते.

"वन्सं, नंबर कधी येईल हो?"

आपला नंबर 37. आत 24 चालू आहे.

वहिनी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे कणीक, उजाडता उजाडता तवे, मग डबे. तोवर स्वतःच्या पोटात फक्त चहा. डोकं दुखणं तिच्या लग्नाहून जुनं. घरात त्याचं नाव 'पित्त'. त्यासाठी सुंठ उगाळून लावून झाली आहे, चष्म्याचा नंबर बदलून झाला आहे, सायनस समजून वाफारे झाले आहेत. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबीही खाऊन झाली आहे. (अर्धशिशीवरचा हा उतारा निम्म्या महाराष्ट्राला पाठ आहे, जिलबीमुळे असावा.) शेवटी एमआरआय. तो रिपोर्ट आत्ता माझ्या पिशवीत आहे: नॉर्मल. "काहीच निघालं नाही," असं दादा सगळ्यांना सांगतो, तेव्हा त्याच्या सुरात सुटकेपेक्षा संशय जास्त असतो. मायग्रेन फोटोत दिसत नाही, ते माणसाकडून ऐकूनच ओळखावं लागतं. पण घरात रिपोर्टला जी किंमत आहे ती बाईच्या बोलण्याला नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहते आहे.

समोर भिंतीला टेकून एक रिक्षावाले उभे आहेत. त्यांना बसवतच नाही म्हणतात. दरवर्षी ठराविक दिवसांत पाच-सहा आठवडे रोज रात्री दोनच्या सुमारास उजव्या डोळ्यामागे तापलेली सळई घातल्यासारखं होतं, डोळा लाल होतो, पाणी गळतं, तासाभरात थांबतं. "भिंतीवर डोकं आपटतो, ताई. दाढसुद्धा काढून टाकली." गाल फाकवून ते रिकामी हिरडी दाखवतात. क्लस्टर म्हणतात याला. मायग्रेनचा माणूस अंधारात निपचित पडतो, हा माणूस खोलीभर येरझाऱ्या घालतो. दाढेचा काही दोष नसतो. घटकाभराने ते आतून चिठ्ठी घेऊन बाहेर येतात आणि मलाच विचारतात, "ऑक्सिजन लिहिलाय. तो तर दम लागणाऱ्यांना देतात ना?" यांनाही देतात. झटका येताच मास्क लावून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन घेतला की बऱ्याच जणांचं पंधरा-वीस मिनिटांत उतरतं.

डोक्याला पट्टा आवळल्यासारखं दुखणारी, ताणाची साधी डोकेदुखी जगात सर्वांत जास्त. पण ती माणसं इथवर येत नाहीत, बाम चोळून कामाला लागतात.

"सदतीस!"

आत डॉक्टर तरुण आहेत, पंचविशीच्या पुढच्या जेमतेम. त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल तर दिवा बंद. खिडकीचा उजेड पुरतो. वहिनीचे खांदे खाली येतात.

मग प्रश्नांची फैर. अचानक, एका क्षणात टोकाला गेलेलं दुखणं कधी? ताप? मान आखडली? हात-पाय लुळे पडले, बोलताना जीभ अडखळली? फिट? वहिनी प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणते. डॉक्टर नळीसारखं उपकरण लावून तिच्या डोळ्यात खोल पाहतात. मेंदूवर दाब वाढला तर डोळ्याच्या मागच्या पडद्याशी नस सुजलेली दिसते. तशी नाही.

"दुखतं कसं?"

"एकाच बाजूनं. ठण्‌ ठण्‌. जिना चढले की जास्त. मिक्सर नको वाटतो, उजेड नको वाटतो. पित्त पडलं की बरं."

"पित्तानं डोकं दुखत नाही, ताई. डोक्यानं उलटी होते. झटका आला की पोटाचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळीसुद्धा तिथेच पडून राहते." केसपेपरच्या पाठीवर त्या चेहऱ्याच्या नसेच्या तीन फांद्या काढून दाखवतात. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही. त्याच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवतीची ही नस चेतते आणि ठणका सुरू होतो. औषध न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत. बायकांत पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट.

"महिन्यात किती दिवस?"

"चार-पाच."

"आता उलटं सांगा. डोकं पूर्ण मोकळं, काही म्हणजे काहीच जाणवत नाही, असे किती दिवस?"

वहिनी मोजायला अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवते. अंगठा तिथून हलत नाही. मीही आठवू पाहते आणि मलाही एक दिवस सापडत नाही. ती फक्त उलटीचे दिवस धरत होती. बाकीचे तिच्या हिशोबात दुखण्याचे नाहीतच.

"पर्समध्ये काय आहे?"

पाकीट निघतं. दहातल्या तीन गोळ्या उरलेल्या. बाकीचे फुगे दाबून सपाट झालेले, कडेला कणकेचा वाळका पापुद्रा.

"केव्हा घेता?"

"उठल्याबरोबर. दुखायच्या आधीच."

डॉक्टर पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचतात. एका गोळीत तीन औषधं, त्यातलं एक कॅफीन. ज्याला मुळातच डोकेदुखी आहे त्यानं अशी मिश्र गोळी महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, किंवा साधं पॅरासिटामॉल 15 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेतलं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की दुखतं, दुखतं म्हणून गोळी.

"म्हणजे मीच..."

"तुम्ही नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही." मग लगेच, "दमा आहे?" दमा नाही, म्हणजे दमेकऱ्यांना न चालणारं औषधही चाललं असतं, तरी त्या दुसरंच निवडतात. रात्री एक, छोट्या मात्रेत. "मोठ्या मात्रेत हे नैराश्याला देतात. मोबाइलवर वाचून घाबरून सोडू नका. सहा-आठ आठवडे लागतील. वही ठेवा: किती दुखलं, काय घेतलं, पाळी कधी. आणि सकाळी चहाआधी काहीतरी खा."

हे सगळं वहिनीला पटतं. अडतं पुढच्या वाक्याला.

"ही गोळी बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस डोकं जास्त दुखेल. सुट्टी घ्या."

"सोमवारी केळवणाची ऑर्डर आहे."

"मंगळवारपासून?"

"मंगळवारी डबे." ती माझ्याकडे बघते. "पोळ्या कोण लाटणार?"

"मी दादाला सांगते," मी म्हणते.

"सांगून काय होतंय? म्हणतील, रिपोर्ट तर नॉर्मल आलाय."

डॉक्टर पेन उघडून थांबतात. वहिनी खुर्चीत पुढे सरकून केसपेपर त्यांच्याकडे ढकलते.

"यावर लिहून द्या. आजाराचं नाव लिहा, दहा दिवस काम नाही असं लिहा. मराठीत. त्यांना वाचता आलं पाहिजे."

डॉक्टर लिहितात, सही करतात. वहिनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरते, सावकाश वाचते आणि परत टेबलावर ठेवते.

"शिक्कापण मारा."