पवनीच्या उजेडात आरशाची लेन्स

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये जाहीर झालं. पुढच्याच वर्षी नागझिऱ्याहून ‘जय’ हा वाघ आला आणि पवनीच्या बाजूला कॅमेरेवाल्यांची रीघ लागली. एप्रिल 2016 नंतर तो कुणाला दिसला नाही; लांब लेन्स मात्र येतच राहिल्या. 500 मिमी एफ/4 लेन्स म्हणजे तीन किलोंहून जास्त वजन आणि लाखांचा हिशेब. त्याच 500 मिमीची मिनोल्टाची आरशाची लेन्स 665 ग्रॅमची. मोह पडणारच.

तिच्या पोटात उजेड दुमडलेला असतो. आत आलेला प्रकाश मागच्या अंतर्गोल आरशावर पडतो, तिथून पुढच्या काचेच्या मध्यावर बसवलेल्या छोट्या आरशावर, आणि मग मोठ्या आरशाच्या भोकातून सेन्सरवर. म्हणून नळी आखूड. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेची गिरवलीची 2 मीटर दुर्बीणही अशीच दोन आरशांची. 1941 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ माक्सुतोव्ह यांनी पुढे जाड वक्र काच लावून आरशाचा दोष सुधारला. सोव्हिएत एमटीओ लेन्स त्यातूनच आल्या. आरसा सगळे रंग सारखेच परतवतो. त्यामुळे काळ्या पाण्यासमोरच्या बगळ्याच्या पंखाला साध्या लांब लेन्समध्ये दिसणारी जांभळी कड इथे जवळपास दिसत नाही.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मधला आरसा व्यासाच्या निम्मा असेल, तर पाव उजेड तोच अडवतो. नावाला एफ/8, कामाला एफ/9च्याही पुढे. आत पडदा नसल्यामुळे छिद्र कमी-जास्त करता येत नाही. काळा-पांढरा फरक थोडा पुसट होतो. तो मात्र संगणकावर बराचसा सावरता येतो. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर ऊन चमकत असेल, तर बदकामागचा प्रत्येक ठिपका मेदूवड्यासारखा भोकाचा उमटतो. काहींना ही नक्षी आवडते. मला ती बदकापेक्षा जास्त बोलते असं वाटतं.

आता पहाटेची जिप्सी. एफ/4 लेन्सला जिथे 1/500 सेकंद मिळतो, तिथे हिला तेवढ्याच आयएसओवर जेमतेम 1/100. चालता वाघ त्यात हलणारच. आयएसओ वाढवावा, तर चित्रात दाणे. 20 मीटरवर नेमकेपणाची खोली जेमतेम पाऊण मीटर, आणि मिनोल्टा-सोनीची सोडली तर बहुतेक आरशाच्या लेन्सना ऑटोफोकस नाही. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण हात सावरतं, वाघ नाही.

मग ऊन वर आल्यावर फोटो काढावेत, तर उन्हाळ्यात विदर्भातली जमीन तापते, हवा थरथरते आणि लांबचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. तिथे कितीही महागडी लेन्स हरते. उरतात हिवाळ्यातल्या सकाळी नऊ ते अकराच्या वेळा: भरपूर ऊन, गार हवा, वैनगंगेत स्थिर बसलेले पक्षी. आणि रात्रीचा चंद्र. तो स्वतःच उजळ असल्यामुळे आयएसओ 100 वर 1/125 च्या आसपास सहज येतो, फक्त सेन्सरवर साडेचार मिलिमीटरचाच. लेन्स बाहेरच्या हवेइतकी गार होऊ द्यावी; नाहीतर फोकस सरकत राहतो.

जुनी घेताना टॉर्च मारून आरशावरची बुरशी आणि उडालेला मुलामा पाहा. चंद्र आणि पाणपक्ष्यांसाठी जरूर घ्या. वाघासाठी घेत असाल, तर ते पैसे राखून ठेवा. आणि सूर्याकडे ती चुकूनही रोखू नका.