रिकाम्या मैदानातला विजय

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा देशी खेळ. प्रत्येक संघात 15 खेळाडू. 2020 मध्ये गोलला तीन गुण मिळत आणि चेंडू आडव्या दांड्यावरून गेला तर एक. मन्स्टर प्रांताची स्पर्धा तोवर एरवी उन्हाळ्यात रंगत असे. 2020 मध्ये कोरोनामुळे ती ऑक्टोबरअखेर सुरू झाली, तीही प्रेक्षकांविना. हरलेल्यांना दुसरी संधी नव्हती. बलाढ्य केरीला कॉर्कने उपांत्य फेरीतच घरी पाठवले. 22 नोव्हेंबरला अंतिम सामन्यात टिपररीने कॉर्कला 17-14 असे हरवले. क्रोक पार्क मैदानावरच्या 1920 च्या गोळीबारात मारला गेलेला आपला खेळाडू मायकल होगन याच्या स्मरणार्थ त्यांनी हिरवा-पांढरा पोशाख घातला होता. मन्स्टरचे विजेतेपद टिपररीला 1935 नंतर प्रथमच मिळाले.