घडीचा चाकू

घडीचा चाकू : पाते मुठीला खिळीने जोडलेले असून काम नसताना ते मुठीच्या खाचेत मिटवून ठेवता येते, अशा चाकूस घडीचा चाकू म्हणतात. मिटल्यावर धार मुठीत झाकली जात असल्याने त्याला वेगळे म्यान लागत नाही व तो खिशात किंवा पाठपिशवीत नेता येतो. हा त्याचा मुख्य गुण होय. मात्र जेथे पाते मिटते तेथेच हा चाकू सर्वांत दुर्बळ असतो आणि त्यापासून होणाऱ्या बहुतेक इजांचे मूळही त्या सांध्यातच असते. त्यामुळे अशा चाकूची निवड करताना पात्याइतकेच सांध्याकडे लक्ष द्यावे लागते.

‘चाकू’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला. बोरूला टोक काढण्यासाठी लेखनिक लहान चाकू जवळ बाळगीत. पुढे पेन्सिलीला टोक करणे, फळे चिरणे, सुतळी कापणे अशा कामांसाठी घडीचा चाकू घरोघरी रूढ झाला. मिटवून ठेवण्याच्या हत्याराची कल्पना मराठी घरांना नवी नाही. पाटाला खिळीने जोडलेली घडीची विळी हे तिचे स्वयंपाकघरातील परिचित उदाहरण होय. काम संपल्यावर विळीचे पाते पाटावर आडवे केले जाते व त्यामुळे घरातील लहान मुले धारेपासून सुरक्षित राहतात.

इतिहास : महाराष्ट्रात इनामगाव, नेवासे, दायमाबाद इ. ताम्रपाषाणयुगीन स्थळी कॅल्सेडोनी या दगडाची धारदार पाती विपुल सापडली आहेत. विदर्भातील महापाषाणीय दफनांत लोखंडी हत्यारे मिळाली असून नायकुंड (जि. नागपूर) येथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष आढळले आहेत. ही सर्व हत्यारे अचल पात्याची होती. घडीच्या चाकूचा एक अतिप्राचीन नमुना ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे मिळाला असून तो इ. स. पू. सु. सहाव्या शतकातील मानला जातो. रोमन काळात हाडाच्या वा कांस्याच्या मुठीचे असे चाकू वापरात होते. सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसविण्याची पद्धत रूढ झाली आणि तेव्हापासून खिशातील चाकूला त्याचे आजचे रूप आले.

फ्रान्सच्या सव्वा प्रांतात झोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू तयार केला. १९५५ मध्ये त्याला पाते अडविणारे फिरते कडे जोडण्यात आले. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये अनेक अवजारे सामावणाऱ्या अधिकारी-चाकूची नोंदणी केली. ‘स्विस आर्मी नाइफ’ या नावाने तो जगभर प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये अमेरिकेतील बक कंपनीने पाठीवर खटका असलेला ‘११०’ हा चाकू बाजारात आणला. १९८० नंतर मुठीतील पातळ पट्टीच खटक्याचे काम करील अशी रचना प्रचारात आली. भारतात उत्तर प्रदेशातील रामपूरचा खटक्याचा चाकू विशेष प्रसिद्ध आहे. हिंदी चित्रपटांमुळे ‘रामपुरी’ हा शब्द गुंडगिरीशी जोडला गेला आणि घडीच्या चाकूकडे संशयाने पाहण्याची वृत्ती वाढीस लागली. कारागिरीचा नमुना म्हणून रामपुरीचे मोल त्यामुळे काहीसे झाकले गेले.

रचना व सांध्याचे प्रकार : पाते, पात्याचा मुठीतील भाग म्हणजे बुंधा, खीळ, मुठीच्या दोन बाजू आणि कमान किंवा खटका हे या चाकूचे मुख्य भाग होत. पाते उघडण्यासाठी त्यावर नखाची खाच, भोक किंवा लहान बोंड असते. सांध्याच्या रचनेवरून पुढील प्रकार पडतात.

(१) घर्षण सांधा : यात पाते केवळ खिळीच्या घट्टपणामुळे जागेवर राहते. रचना अत्यंत साधी असली, तरी खीळ सैल झाल्यावर पाते डगमगते. (२) कमानीचा सांधा : पाठीतील कमान बुंध्यावर दाब देते, त्यामुळे पाते उघडे राहते. परंतु ते पक्के अडकलेले नसते, पाठीवर पुरेसा दाब पडताच ते मिटते. फळे कापणे, पाकिटे उघडणे यांसाठी हा प्रकार पुरेसा आहे. टोकाने भोसकण्याचे किंवा भोक पाडण्याचे काम मात्र त्याने करू नये, कारण पाते उलट फिरून थेट बोटांवर येते. (३) पाठ-खटका : मुठीच्या पाठीतील दांडीचा दात बुंध्याच्या खाचेत बसतो. हा सांधा भक्कम असतो, पण खाचेत माती किंवा कचरा साचल्यास दात पूर्ण बसत नाही. (४) पट्टी-खटका व चौकट-खटका : मुठीच्या आतील पट्टी किंवा मुठीचीच एक बाजू बुंध्यामागे सरकते. एका हाताने उघडमीट करता येते, मात्र मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, याचे भान ठेवावे लागते. (५) कडे : पाते उघडल्यावर मुठीच्या तोंडाशी असलेले कडे फिरवून ते अडवितात. ही रचना साधी, स्वस्त व विश्वसनीय आहे. तथापि कडे फिरविण्यास विसरल्यास खटक्याचा काहीच उपयोग होत नाही.

कोणताही खटका अचल पात्याची बरोबरी करू शकत नाही. खटका म्हणजे अपघात टाळण्याची दुय्यम सोय असे समजून, जणू तो नाहीच अशा रीतीने चाकू हाताळणे इष्ट ठरते.

पात्याचे पोलाद : धार टिकणे, न तुटणे व न गंजणे हे तीन गुण एकाच पोलादात पूर्णांशाने मिळत नाहीत. कार्बनी पोलादात कार्बनाचे प्रमाण साधारणतः ०·६ ते १ टक्का असते. त्याला तीक्ष्ण धार येते व ती दगडावर सहज लावता येते, पण ते लवकर गंजते. कैरी, लिंबू, कोकम यांच्या आम्लाने ते काळे पडते. अगंज पोलादात क्रोमियमाचे प्रमाण किमान १०·५ टक्के असते. चाकूंसाठी ते बहुधा १३ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. ‘डी २’ या हत्यारी पोलादात सु. १·५ टक्के कार्बन व १२ टक्के क्रोमियम असते. त्याची धार दीर्घकाळ टिकते, पण बोथट झाल्यावर ती लावणे कष्टाचे होते. क्रोमियमाचा बराच भाग कार्बाइडात अडकल्याने हे पोलाद पूर्णपणे अगंजही नसते.

पोलादाची कठिनता रॉकवेल ‘सी’ या मापनश्रेणीत सांगतात. सर्वसाधारण खिशातील चाकूंची कठिनता ५४ ते ५८, तर महागड्या चाकूंची ६० किंवा त्याहून अधिक असते. कठिनता जितकी जास्त तितकी धार अधिक टिकते, पण पाते ठिसूळ होण्याचा धोकाही वाढतो. कोकणपट्टीतील पावसाळी हवेत दैनंदिन वापरासाठी मध्यम कठिनतेचे अगंज पोलाद सोयीचे ठरते. ते वरचेवर बोथट झाले, तरी साध्या निसण्यावर घरीच पाजता येते. [⟶ पोलाद].

निवडीचे निकष : चाकू कोणत्या कामासाठी हवा हे प्रथम ठरवावे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथलगतच्या पालेगावसारख्या वस्तीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एका बाजूस औद्योगिक क्षेत्र व वाढती गृहसंकुले, तर दुसरीकडे मलंगगड, चंदेरी व माथेरानची डोंगररांग. तेथील रहिवाशाला आठवडाभर लागणारा चाकू आणि रविवारी डोंगरावर लागणारा चाकू यांची कामे भिन्न आहेत. खोक्यावरची चिकटपट्टी कापणे, फळ चिरणे, दोरा तोडणे या नित्याच्या कामांस ५ ते ७ सेंमी. लांबीचे, दीड ते दोन मिमी. जाडीचे पाते व कमानीचा सांधा पुरतो. डोंगरभ्रमंतीत ओली दोरी कापणे, काटकी तासणे, जखमेसाठी पट्टी फाडणे, स्वयंपाकाची तयारी करणे ही कामे येतात. त्यासाठी ७ ते ९ सेंमी. लांबीचे, दोन ते तीन मिमी. जाडीचे पाते व खात्रीचा खटका हवा. याहून लांब पात्याने काम अधिक होत नाही, वजन व अडचण मात्र वाढते.

लाकूड फोडणे, फांद्या तोडणे ही घडीच्या चाकूची कामे नव्हेत. या परिसरातील ठाकर व कातकरी लोक रानात जाताना कमरेला कोयता अडकवितात, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. कोयत्याचे काम चाकूवर लादल्यास प्रथम खीळ सैल होते व पुढे खटका निसटतो. तसेच स्क्रू फिरविणे, झाकण उचकटणे यांसाठी पात्याचा तरफेसारखा उपयोग केल्यास टोक तुटते. अशी कामे वारंवार पडत असल्यास बहुअवजारी चाकू घ्यावा.

पात्याचा आकारही कामाशी निगडित असतो. पाठ टोकाकडे किंचित उतरती असलेले पाते सर्वसाधारण कामास उत्तम. मेंढीच्या खुरासारखे बोथट टोकाचे पाते नवशिक्यांस व मुलांस सुरक्षित असते. दातेरी धार दोर चटकन कापते, परंतु ती पाजण्यास विशेष साधन लागते. आंब्याची कलमे बांधणारे कोकणातील बागायतदार वापरतात तो कलमाचा चाकू बहुधा एकाच अंगाने पाजलेला असतो. काप सपाट व स्वच्छ येऊन खुंट व कलमकाडी यांच्या साली नीट जुळाव्यात, हा त्यामागील हेतू असतो. दापोली येथील कोकण कृषि विद्यापीठाने (स्थापना १९७२) प्रसार केलेल्या कोय कलमाच्या पद्धतीतही असा चाकू लागतो. धार कामानुसार ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

मूठ हाताच्या चारही बोटांस पुरेल एवढी व ओल्या हातातूनही न निसटणारी असावी. लाकूड व शिंग हातास सुखद वाटतात, पण पावसात लाकूड फुगून पाते घट्ट बसते. काचतंतुयुक्त नायलॉन हलके व टिकाऊ असते. गवतात पडलेला चाकू सापडावा म्हणून मुठीचा रंग ठळक असणे उपयुक्त ठरते.

विकत घेताना पुढील गोष्टी पारखाव्यात : उघडलेले पाते दोन्ही बाजूंस हलता कामा नये, मिटल्यावर ते मुठीच्या मध्यावर राहावे व त्याचे टोक बाहेर डोकावू नये, खटका पूर्ण बसल्याचा स्पष्ट आवाज यावा, बोटे पात्याच्या वाटेबाहेर ठेवून पाठ लाकडावर हलकेच टेकविल्यास खटका निसटू नये, आणि पोलादाचा प्रकार पात्यावर किंवा वेष्टनावर नमूद असावा. नामांकित चाकूंच्या नकला बाजारात मिळतात. बाह्यरूप सारखे असले, तरी त्यांच्या पोलादाची व खटक्याची खात्री देता येत नाही.

निगा : पावसातून आल्यावर चाकू उघडून धुवावा, पूर्ण कोरडा करावा व सांध्यात यंत्रतेलाचा एक थेंब सोडावा. पात्यास खाद्यतेलाचा पुसट हात पुरतो. सांध्यात खोबरेल घातल्यास ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. धार लावताना दोन्ही अंगांनी प्रत्येकी सु. २० अंशांचा कोन राखावा. निसण्याची भरड बाजू आधी व बारीक बाजू नंतर वापरावी. फिरत्या चाकावर पाते कोरडेच दाबून धरल्यास ते तापून निळसर होते. म्हणजेच त्याचे ‘पाणी उतरते’ व त्या भागाची धार पुन्हा टिकत नाही. जाणता शिकलगार म्हणूनच पाते पुनःपुन्हा पाण्यात बुडवितो. बोथट चाकूला अधिक जोर द्यावा लागतो व जोराने निसटलेला चाकू खोल जखम करतो, म्हणून तीक्ष्ण चाकू हाच अधिक सुरक्षित समजला जातो.

कायदेशीर बाजू : शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून (सु. २३ सेंमी.) लांब किंवा २ इंचांहून (सु. ५ सेंमी.) रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने याहून पुष्कळ कडक मर्यादा घातली. तीनुसार कमानीने वा बटणाने उघडणाऱ्या चाकूंच्या बाबतीत ७·६२ सेंमी. लांबी व १·७२ सेंमी. रुंदी ही मापे निर्णायक ठरतात. त्यामुळे एका राज्यात निर्वेध असलेला चाकू प्रवासात दुसरीकडे अडचणीचा ठरू शकतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) याच्या कलम ३७ अन्वये पोलीस आयुक्त वा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळापुरते मनाई आदेश काढू शकतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यासही मनाई असते व तेथे पात्याची लांबी पाहिली जात नाही. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. सणासुदीच्या वा निवडणुकीच्या दिवसांत तेथील रहिवाशांनी चाकू खिशात घालण्यापूर्वी असे आदेश जारी आहेत काय, हे पाहणे श्रेयस्कर होय. विमानप्रवासात चाकू हातसामानात नेता येत नाही.

डोंगरभ्रमंती करणाऱ्यांना आणखी एक तरतूद सहसा माहीत नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत ‘शस्त्र’ या संज्ञेत चाकूचाही समावेश आहे आणि पूर्वपरवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करण्यास बंदी आहे. कर्नाळा, भीमाशंकर, कळसूबाई–हरिश्चंद्रगड ही गिर्यारोहकांच्या आवडीची ठिकाणे अभयारण्यांत मोडतात. तेथे जाताना वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करावी, अन्यथा चाकू घरीच ठेवावा.

सारांश, मध्यम लांबीचे अगंज पाते, पारखलेला खटका व हातात बसणारी मूठ असलेला साधा चाकू बहुतेकांच्या गरजा भागवितो. त्याची किंमत पात्याच्या झगमगाटावरून नव्हे, तर सांध्याच्या खात्रीवरून व तो कोठे न्यावा आणि कोठे नेऊ नये याच्या जाणिवेवरून ठरते.