शिडाच्या नौकेंतील बिऱ्हाड

काटोलास जाम नदी आहे, समुद्र नाहीं. आम्हीं पुष्कळ वर्षें फळ्यावर किनारा काढून मतलई व खारे वारे शिकविले. ते स्वतःच्या अंगावर मात्र कधीं घेतले नाहींत. गेल्या महिन्यांत नातीनें शिडाची नौका चालविण्यास शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हां घरांतील सर्वांच्या दृष्टी आमच्याकडे वळल्या. विषय जाणल्यावांचून निर्णय देऊं नये, या जुन्या सवयीनें आम्हीं कांहीं वाचन केलें. त्याचें सार वाचकांपुढें ठेवतों.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेंतून एकटे निघाले व वाटेंत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या नौकेनें एकट्यानें प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. 'म्हादेई' गोव्यांतील दिवाडी बेटावर बांधली गेली. तेथेंच बांधलेल्या 'तारिणी'तून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळांत नौदलाच्या सहा स्त्रियांनीं प्रदक्षिणा केली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या.

एवढ्याशा जागेंत सहा जणींनीं आठ महिने कसे काढले असतील? नौकेवर रात्रंदिवस पाळीपाळीनें पहारा असतो. नौका कलली तरी भांडें सरळ राहावें म्हणून शेगडी झुलती असते. गोडें पाणी मोजून वापरावयाचें व प्रत्येक वस्तु जागच्या जागीं ठेवावयाची. मोठ्या घरांत रुसून बसावयास कोपरा सांपडतो. तेथें तोहि नाहीं.

नवशिक्यानें अर्थात् एकदम महासागर गांठूं नये. हिवाळ्यांत कोंकणकिनाऱ्यावर रात्रीं जमीन लवकर निवते, म्हणून पहांटे वारा समुद्राकडे वाहतो, हाच मतलई. दुपारीं जमीन तापली कीं खारा वारा उलट येतो. जुनीं शिडाचीं गलबतें या दोन वाऱ्यांचा मेळ साधून किनाऱ्याकिनाऱ्यानें जात. पावसाळ्यांत तीं बंदरांत विसांवत व नारळी पौर्णिमेनंतर पुनः निघत.

घरांतील आक्षेपाचें मूळ आम्हीं धर्मशास्त्रांत शोधिलें. बौधायनानें समुद्रगमन पातकांत गणिलें आहे खरें; पण तोच उत्तरेकडील लोकांच्या आचारांत त्याचा उल्लेख करितो. म्हणजे निषेध होता तेव्हांहि लोक जातच होते. पुढें १८८३ सालीं आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या, हें तर सर्वश्रुतच आहे.

खरा आक्षेप शास्त्राचा नव्हे, भयाचा होता. आणि तें भय खोटें नाहीं. सप्टेंबर २०१८ मध्यें दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत अभिलाष टॉमी यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. एका फ्रेंच नौकेनें त्यांस वांचविलें. परंतु पुढें त्याच शर्यतींत ते पुनः उतरले व २०२३ मध्यें दुसरे आले. भय जाणून, तयारी करून जाणें हेंच धैर्य होय.

तेव्हां आम्हीं निर्णय दिला: प्रथम पोहणें पक्कें व्हावें, मग हिवाळ्यांत, किनाऱ्याजवळ, जाणत्या माणसाच्या हाताखालीं शिकावें. सूनबाईंचे डोळे पाणावले; पण त्यांनीं 'नको' म्हटलें नाहीं. नातीस पोहोंचविण्यास आम्ही स्वतः किनाऱ्यापर्यंत जाणार आहों. इतकीं वर्षें शिकविलेला मतलई वारा एकदां तरी अंगावर घ्यावा, अशी इच्छा आहे.